अनुक्रमांक सतरा

फोन आला की मी आधी आकडा विचारतो.
पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, बारीक.
पलीकडे चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज,
मग कुणीतरी म्हणतं, सतरा.

शाहूपुरीतून सतरा. मार्केट यार्डातून सतरा.
गडहिंग्लजहून, निपाणीहूनसुद्धा सतराच.
मी प्रती विकल्या तेवीस.
पावतीपुस्तक आहे ना,
चोविसावी पावती कोरी,
तिच्यावर तेविसाव्याच्या सहीचा नुसता दाब.

सतरा म्हणजे श्रीपतराव नेजदार, गुळाचे अडते.
अठ्ठ्याण्णव साली दोन हजार ठरले;
हजार रोख,
हजाराचे तीस किलोचे तीन रवे,
हमालानं जिन्यातच टेकवले.
बायको म्हणाली, हे खायचं कुठल्या जन्मात?
मुंग्यांनी आमच्याआधी मनावर घेतलं.

कलमं, वजन, हमाली, तोलाई, अडत
आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी,
सगळं चौसष्ट एमबीत बसवलं होतं.
यंत्र म्हातारं होईल, पेढीवाला ते बदलणार नाही,
एवढं मला गिऱ्हाइकांकडं बघून कळत होतं.
चालू केलं की पहिली ओळ यायची:
राम राम, श्रीपतराव.
म्हातारा खूश.
दिवाणजीला म्हणाला, बघ, तू कधी घातलास का?

फ्लॉपी उतरवून घेतली सुकुमारनं,
राजारामपुरी आठव्या गल्लीतला,
चहा येऊन निवायच्या आत.
पोरगा वाईट नव्हता.
माझ्या प्रिंटरची वाकडी सुई त्यानंच सरळ केली,
पैसे घेतले नाहीत.
मग पन्नास रुपयाला सीडी, बसवायचे वीस वेगळे,
आणि मदतीच्या पानावर
माझाच नंबर, जसाच्या तसा.
तेवढा तरी खोडायचास, लगा.

पुढची आवृत्ती लिहायला घेतली होती.
चाळीस पानं झाली.
मग पतसंस्थेत चिकटलो,
दुसऱ्यांची खाती भरत बावीस वर्षं.

रागानं बोलायला जावं
तर घशात एक गोष्ट अडकते:
ज्या कंपायलरवर मी हे सगळं लिहिलं
तोही बटर पेपरात गुंडाळून आला होता,
एसटीच्या पार्सलातून, अकरा फ्लॉप्या,
त्यातली सातवी खराब.
त्याचा सतरावा कोण होता
मी कधी विचारलं नाही.

श्रीपतराव जाऊन तीन वर्षं झाली.
पेढीच्या जागी मोबाइलचं शोरूम,
दारात फुगे.
पण सकाळी दहाला, उदबत्ती फिरवून झाली की
कुठल्या कुठल्या गावांत
घरघरणारे पंखे, पिवळे पडलेले डबे जागे होतात
आणि म्हणतात, राम राम, श्रीपतराव.
एवढा मान तर त्यांना घरच्यांनीही दिला नसेल.

काल कागलहून एक बाई. हिशेब त्याच बघतात.
म्हणाल्या, रोज सकाळी एक जानेवारी ऐंशी येतंय,
शेतकरी पट्टी बघून हसतात,
तेव्हा माझा जन्मसुद्धा नव्हता.
मी म्हटलं, आतला सेल गेलाय,
रुपयाएवढा गोल असतो,
घड्याळवाल्याकडं मिळेल, चाळीस रुपये.
बरं, म्हणाल्या. फोन ठेवला नाही.
साहेब, हे श्रीपतराव कोण?

सांगितलं. सगळंच सांगितलं,
रवे, मुंग्या, तेवीसचा आकडा.
सुकुमारचं नाव तेवढं गाळलं.

तिकडं बराच वेळ नुसता पंखा.
मग त्या म्हणाल्या,
असं असेल तर आमचं नाव कुठं घालायचं?

आजवर असं कुणी विचारलं नव्हतं.
दर काय सांगावा तेही सुचेना,
अठ्ठ्याण्णवचा, की आजचा, की सेलएवढा?
पावतीपुस्तक माळ्यावर.
फोन तसाच कानाला लावून
मी पायानं स्टूल चाचपत होतो.